खिशातल्या जाहिरातीचा हिशेब

फोन खिशात आहे, पडदा बंद आहे आणि खरेदीचं ॲप तर कालपासून उघडलेलंही नाही. तरी फोन थरथरतो आणि ओळ उमटते: तुम्ही पाहून ठेवलेल्या बुटांची किंमत उतरली आहे. ॲप बंद होतं, मग हा निरोप आला कुठून? मोबाइल मार्केटिंगवर लिहिताना बाजाराच्या उलाढालीपासून सुरुवात करायची पद्धत आहे. मला या साध्या प्रश्नापासून सुरुवात करायची आहे, कारण त्याचं उत्तर शोधत गेलं की फोनने जाहिरातीच्या धंद्यात नेमका काय फरक केला ते उलगडत जातं.

बंद ॲप निरोपाची वाट पाहत जागं नसतं. जागी असते ती फोनची ऑपरेटिंग सिस्टिम. तुमचा फोन आणि ॲपलचे किंवा गूगलचे सर्व्हर यांच्यात एक जोडणी दिवसरात्र उघडी ठेवलेली असते. विक्रेत्याचा निरोप आधी त्या सर्व्हरवर जातो आणि तिथून या एकाच वाटेने फोनमध्ये उतरतो. फोनवर पन्नास ॲप्स असली तरी वाट एकच. ही सगळी काटकसर बॅटरीसाठी आहे. प्रत्येक ॲपने दर पाच मिनिटांनी आपापल्या सर्व्हरला ‘काही नवीन आहे का?’ असं विचारायचं ठरवलं असतं, तर बॅटरी झपाट्याने उतरली असती. मोबाइलचा रेडिओ एकदा जागा झाला की काम संपल्यावरही काही सेकंद जास्त वीज खात राहतो, त्यामुळे एवढीशी विचारपूसही महागात पडते. ॲपलने ही ‘पुश’ सेवा जून २००९ मध्ये सुरू केली आणि पुढच्याच वर्षी अँड्रॉइडवरही तशी सोय आली.

या व्यवस्थेत प्रत्येक ॲपला प्रत्येक फोनसाठी एक सांकेतिक पत्ता मिळतो. त्याला टोकन म्हणतात. विक्रेत्याला तुमचा फोन नंबर माहीत नसला तरी चालतं, टोकन असलं की काम भागतं. निरोपाची मर्यादा ४ किलोबाइट, म्हणजे दोन-तीन वाक्यं, एखादं बटण आणि चित्राचा दुवा सहज मावतो. तुम्ही ॲप काढून टाकलंत की ते टोकन निकामी होतं, आणि पुढे कधीतरी निरोप पाठवल्यावर सर्व्हर विक्रेत्याला कळवतो की या पत्त्यावर आता कोणी नाही. तुमचं निघून जाणंही असं नोंदवलं जातं. निरोप कधी पाठवला, तो उघडला का, उघडल्यावर कोणत्या पानावर किती वेळ थांबलात, खरेदी अर्ध्यावर सोडलीत का, अशा जवळपास प्रत्येक पायरीवर एक आकडा तयार होतो.

माझ्या मते मोबाइल मार्केटिंगचं वेगळेपण इथे आहे. जाहिरात लहान पडद्यावर मावली, ही काही फार मोठी गोष्ट नव्हती. जाहिरात स्वतःच मोजमापाचं उपकरण झाली, ही मोठी गोष्ट होती. आणि मोजमाप आलं की विज्ञानाचे जुने प्रश्न मागोमाग येतात. आपण नक्की काय मोजतो आहोत? त्या मोजण्याची किंमत कोणाला पडते? आणि मिळालेल्या आकड्यावरून कारण सांगता येतं का? या शेवटच्या प्रश्नापाशी भल्याभल्या कंपन्या अडखळल्या आहेत.

एकशेसाठ अक्षरं

खिशातल्या फोनवर निरोप पाठवण्याची कल्पना स्मार्टफोनच्या कितीतरी आधीची. १९८५ साली जर्मन अभियंता फ्रीडहेल्म हिलेब्रांट टाइपरायटरवर सुटी वाक्यं आणि प्रश्न टाइप करून अक्षरं मोजत बसले होते. बहुतेक वाक्यं १६० अक्षरांच्या आत संपत होती. फोन लावण्या-उचलण्याचे संकेत मोबाइलच्या जाळ्यात ज्या वाटेने जातात, तिथे बऱ्याचदा जागा मोकळी असते. त्या मोकळ्या जागेतून छोटे निरोप पाठवावेत असा विचार होता. जागा मिळाली १४० बाइटची, म्हणजे ११२० बिटची. रोमन लिपीचं एक अक्षर ७ बिटमध्ये बसवलं की बरोबर १६० अक्षरं होतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र १६ बिट लागतात, म्हणून आपला एसएमएस ७० चिन्हांतच संपतो. त्यात काना, वेलांटी, जोडाक्षरातली हलन्ताची खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘विज्ञान’ लिहायला ७ जागा जातात. देवनागरीतले निरोप दोन-तीन तुकड्यांत जातात आणि पाठवणाऱ्याला महाग पडतात, त्याचं मूळ या हिशेबात आहे.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला. नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. व्यवसायांनी हे साधन पुढे भरपूर वापरलं. पण एसएमएस फार तर पोचल्याची पावती देतो. वाचणाऱ्याने पुढे काय केलं, ते सांगत नाही.

१० जुलै २००८ रोजी ॲपलचं ॲप स्टोअर ५०० ॲप्स घेऊन उघडलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलचा अँड्रॉइड मार्केट आला. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्टॅटकाउंटर या संस्थेच्या मोजणीत जगभरातल्या वेब-वापरात मोबाइल आणि टॅब्लेट यांनी पहिल्यांदा संगणकाला मागे टाकलं. पण व्यवसायांना ॲप हवंसं वाटण्याचं कारण या आकड्याहून वेगळं आहे. वेबसाइटवर आलेला माणूस पान बंद करून निघून गेला की त्याला पुन्हा गाठणं अवघड. ॲप घेतलेल्या माणसाचं टोकन विक्रेत्याकडे राहतं.

क्यूआर कोडने तर कागदालाही मोजमापात ओढलं. १९९४ मध्ये डेन्सो या जपानी उद्योगसमूहात मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तो तयार केला. तीन कोपऱ्यांतले चौकोन कॅमेऱ्याला दिशा सांगतात, आणि रीड-सॉलोमन नावाच्या गणिती पद्धतीमुळे कोडचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळवता येतो. प्रत्येक भित्तिपत्रकावर थोडा वेगळा दुवा असलेला कोड छापला, की कोणत्या भिंतीवरचं पत्रक किती वाजता किती जणांनी वाचलं याची नोंद मिळते.

पडदा भरण्याआधीचा लिलाव

फुकट ॲपमधली जाहिरात तुमच्यासमोर येते त्याआधी एक लिलाव होऊन गेलेला असतो. ॲप उघडल्यावर त्यातला जाहिरातीचा कोड जाहिरातींच्या ऑनलाइन बाजाराकडे विनंती पाठवतो: अमुक मॉडेलचा फोन, अमुक भाषा, साधारण अमुक ठिकाण, अमुक ॲपमध्ये इतक्या आकाराची जागा रिकामी आहे. फोनचा जाहिरात-क्रमांक उपलब्ध असेल तर तोही सोबत जातो. हा ३२ अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक ऑपरेटिंग सिस्टिम देते. त्यात तुमचं नाव नसतं. पण एकच क्रमांक पन्नास ॲप्सना दिसला, की पन्नास ठिकाणच्या नोंदी एका धाग्यात ओवता येतात.

विनंती अनेक खरेदीदारांकडे एकाच वेळी जाते आणि साधारण १०० मिलिसेकंदांत त्यांच्या बोल्या येतात. बोली ठरते गुणाकाराने. समजा, नवा ग्राहक मिळाला तर जाहिरातदाराच्या दृष्टीने त्याचं मोल १००० आहे आणि हा माणूस जाहिरात पाहून ग्राहक होण्याची शक्यता हजारात २ आहे. मग त्या एका दर्शनाची किंमत २. सगळी हुशारी त्या ‘हजारात २’ चा अंदाज बांधण्यात असते. अब्जावधी जुन्या नोंदींवर शिकवलेली गणिती प्रारूपं तो अंदाज बांधतात.

लिलावाचे नियम कसे असावेत, यावर अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्येच काम केलं होतं. सर्वांत मोठी बोली लावणारा जिंकेल, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच देईल, असा नियम ठेवला की प्रत्येकाला आपल्या मनातली खरी किंमत सांगणंच फायद्याचं ठरतं. जाहिरातींचे लिलाव अनेक वर्षं याच धर्तीवर चालले. पुढे मधल्या दलालांची साखळी लांबत गेली, एकाच जागेसाठी एकापाठोपाठ अनेक लिलाव होऊ लागले आणि हा नियम गुंतागुंतीचा ठरू लागला. २०१९ मध्ये गूगलच्या जाहिरात बाजारानेही जिंकणाऱ्याने आपल्या बोलीइतके पूर्ण पैसे द्यावेत, ही पद्धत स्वीकारली.

वाचकाने या लिलावातली एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी असं मला मनापासून वाटतं. जाहिरात दाखवतो तो एकटा विजेता, पण विनंतीतली माहिती बोली लावायला बसलेल्या सगळ्यांना दिसते. हरलेल्यांनाही. तुम्ही जी जाहिरात पाहिलीच नाहीत, तिच्या मालकाकडेही तुमच्या फोनची नोंद पोचलेली असू शकते.

त्या नोंदीत ठिकाण असेल तर मामला अधिक नाजूक होतो. फोनला आपली जागा उपग्रह, आसपासचे वाय-फाय आणि मोबाइलचे टॉवर यांवरून कळते. मोकळ्या आकाशाखाली चूक काही मीटरचीच असते. यावरूनच जिओफेन्सिंग आलं: नकाशावर एक वर्तुळ आखायचं आणि फोन त्यात शिरला की निरोप पाठवायचा. बॅटरीवर ताण पडू नये म्हणून आयफोनवर एका ॲपला अशी २० आणि अँड्रॉइडवर १०० वर्तुळंच एका वेळी मिळतात. विक्रेत्यांना ही सोय आवडते, आणि ती उपयोगीही आहे. अडचण आहे ती नोंदी साठत जाण्याची. २०१३ मध्ये इव्ह-अलेक्झांद्र द माँजॉय आणि सहकाऱ्यांनी १५ लाख माणसांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. नावं काढून टाकलेली होती, जागा टॉवरइतकीच ढोबळ होती आणि वेळ तासाच्या अचूकतेने. तरीही ‘केव्हा, कुठे’ असे फक्त चार बिंदू माहीत असले तर ९५ टक्के माणसं त्या गर्दीतून एकेकटी वेगळी काढता येत होती. कारण उघड आहे. रात्री तुमच्या घरापाशी आणि दिवसा तुमच्या कामाच्या जागी असणारे लोक मोजकेच असतात, आणि त्यात आणखी दोन ठिकाणं जुळली की तुमच्याशिवाय कोणी उरत नाही. ‘आम्ही नाव साठवत नाही’ या आश्वासनाचा अर्थ या निष्कर्षासमोर ठेवून लावावा.

कोणता निरोप, कोणत्या वेळी

आता विक्रेत्याच्या बाजूने विचार करू. त्याच्याकडे निरोपाचे पाच मसुदे आहेत. कोणता पाठवावा? सरळ मार्ग म्हणजे ग्राहकांचे पाच गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे, प्रत्येकाला एक मसुदा द्यायचा आणि निकाल बघायचा. शेतावरच्या प्रयोगांसाठी रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे घालून दिलेली ही रीत. पण यात एक खोट आहे. प्रयोग संपेपर्यंत चार गटांना आपण जाणूनबुजून कमी चांगला निरोप पाठवत राहतो.

याचं उत्तर १९३३ मध्ये विल्यम थॉम्पसन यांनी सुचवलं होतं, आणि त्यांच्यासमोर प्रश्न होता औषधोपचारांचा: दोन उपचारांत कोणता बरा ते अजून माहीत नाही, पण कमी बऱ्या उपचारावर कमीत कमी रुग्ण जावेत, तर काय करायचं? त्यांची युक्ती अशी. जो पर्याय सर्वोत्तम असण्याची आजवरच्या पुराव्यावरून जितकी शक्यता, तितक्या प्रमाणात तो वापरायचा. सुरुवातीला सगळे पर्याय जवळपास सारखे वापरले जातात. पुरावा वाढत गेला की चांगल्याकडे ओढा वाढतो, पण मागे पडलेल्यालाही अधूनमधून संधी मिळत राहते. कित्येक दशकं ही पद्धत कोपऱ्यात पडून होती. आज जाहिरात कोणती दाखवायची आणि निरोप कोणता पाठवायचा, हे ठरवण्यासाठी ती सर्रास वापरली जाते.

माणूस मात्र प्रत्येक निरोपानंतर तोच राहत नाही. ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपच्या संशोधकांनी २०२० मध्ये याच प्रश्नावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. नुकताच पाहिलेला निरोप पुन्हा आला की त्याचा परिणाम घटतो आणि काही दिवस मध्ये गेले की तो पुन्हा भरून येतो, हे त्यांनी आपल्या गणितात धरलं. रोज ॲप वापरणाऱ्यांची संख्या त्यामुळे अर्ध्या टक्क्याने वाढली. मोठ्या ॲपसाठी अर्धा टक्का म्हणजे पुष्कळ माणसं. पण निरोप निवडण्यात एवढी मेहनत घेतल्यावर फरक अर्ध्या टक्क्याचा पडतो, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. एका नोटिफिकेशनने धंदा दुप्पट करून देण्याची हमी देणाऱ्यांकडे या आकड्याच्या उजेडात पाहिलं पाहिजे.

आणि प्रत्येक निरोपाची किंमत घेणाऱ्यालाही पडते. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लक्ष देऊन करायच्या कंटाळवाण्या कामावर काही जणांना बसवलं आणि मधूनच त्यांच्या फोनवर कॉल किंवा निरोप पाठवले. फोन कोणी हातात घेतला नाही, पाहिलाही नाही. तरी चुका वाढल्या. फोन थरथरला एवढ्याने मन तिकडे जातं: कोणाचा असेल, काय असेल? विक्रेत्याच्या तक्त्यात या खर्चाला रकाना नसतो. हजार जणांना निरोप गेला आणि वीस जणांनी उघडला, तर तक्ता वीस दाखवतो. उरलेल्या नऊशेऐंशींपैकी ज्यांचं हातातलं काम विस्कटलं, त्यांची मोजदाद कोणीच करत नाही.

कोंबडं झाकून पाहिलं तेव्हा

आता त्या अडखळण्याकडे येऊ. जाहिरातीवर क्लिक झालं, नंतर खरेदी झाली. मग खरेदी जाहिरातीमुळे झाली का?

मोबाइलच्या दुनियेत श्रेय वाटायचा रूढ नियम असा: खरेदीआधी किंवा ॲप घेण्याआधी ज्या जाहिरातीवर शेवटचं क्लिक झालं, तिला पूर्ण श्रेय. हिशेबाला सोपा, म्हणून तो रुजला. पण पहाटे आरवणाऱ्या कोंबड्याला सूर्य उगवल्याचं श्रेय द्यायचा हाच नियम आहे. कोंबड्याच्या आरवण्याची आणि उजाडण्याची वेळ जुळते, रोज जुळते, आकडेवारीत तर फारच सुंदर जुळते. कोंबडं झाकून ठेवलं तरी सूर्य उगवायचा राहत नाही, हे आपण म्हणीतून शिकलो. प्रश्न आहे तो झाकून पाहण्याचा.

ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटने तो प्रयोग करून पाहिला. लोक सर्च इंजिनमध्ये ‘ईबे’ असं टाइप करत तेव्हा निकालांच्या वर ईबेचीच जाहिरात दिसे. त्यावर भरपूर क्लिक होत आणि त्यातून भरपूर विक्री झालेली दिसे. २०१२ मध्ये थॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांच्या प्रयोगांसाठी अशा जाहिराती काही ठिकाणी बंद केल्या गेल्या. जाहिरातीवरची क्लिक अर्थातच थांबली, पण जवळपास तेवढेच लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून ईबेवर आले. त्यांना जायचं तिथेच होतं, जाहिरात फक्त वाटेत उभी होती. इतर शब्दांवरच्या जाहिरातींचाही असाच पडताळा घेतला तेव्हा आणखी एक बारकावा दिसला. नव्या किंवा क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर जाहिरातीचा परिणाम होत होता, पण खर्चाचा मोठा वाटा नेहमीच्या ग्राहकांच्या क्लिकवर जात होता, आणि ते तसेही आलेच असते. सरासरीने सौदा तोट्याचा ठरला. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोग सर्चच्या जाहिरातींचा होता, पण ज्याने बूट आधीच निवडून ठेवलेत त्यालाच बुटांचं नोटिफिकेशन पाठवणाऱ्या प्रत्येक ॲपला तो तंतोतंत लागू पडतो. जो खरेदी करणारच आहे त्याला शोधून काढण्यात गणिती प्रारूप जितकं पटाईत, तितकं त्याचं खोटं श्रेय मोठं.

शेवटच्या क्लिकला पैसे मिळतात म्हटल्यावर ते क्लिक बनावट तयार करणारेही आले. यातल्या दोन चोऱ्या आकडेवारीने पकडल्या गेल्या, आणि मला त्या शोधाचं फार कौतुक वाटतं. पहिली चोरी अशी: टॉर्चसारखं एखादं निरुपद्रवी दिसणारं ॲप अँड्रॉइड फोनवर बसलेलं असतं. फोनवर दुसरं कोणतंही ॲप उतरलं की त्याला सिस्टिमकडून खबर मिळते. नवं ॲप पहिल्यांदा उघडलं जाण्याआधी काही क्षण ते गुपचूप एक खोटं क्लिक पाठवून देतं. शेवटचं क्लिक त्याचं, म्हणून बक्षीसही त्याला. दुसऱ्या चोरीत नेम धरायची गरजच नसते. लाखो फोनच्या नावे सतत खोटी क्लिक सोडत राहायचं. त्यातले काही लोक कधी ना कधी आपणहून ते ॲप घेतातच, आणि श्रेय आयतं पदरात पडतं.

दोन्ही चोऱ्यांत माणूस खोटा नाही आणि ॲप घेणंही खोटं नाही, त्यामुळे एकेक नोंद तपासून काहीच हाती लागत नाही. पण क्लिक आणि ॲप पहिल्यांदा उघडणं यांच्यामधला वेळ हजारो नोंदींसाठी आलेखावर मांडला की चोर उघडा पडतो. खऱ्या माणसाचा आलेख सुरुवातीला उंच जातो आणि मग उतरत जातो, कारण जाहिरात आवडली तर माणूस बहुधा तासाभरात ॲप घेतो, आणि ते उतरायलाही थोडा वेळ लागतोच. पहिल्या चोरीत आलेखाचा सगळा ढीग पहिल्या काही सेकंदांत दिसतो. एवढ्या वेळात मोठं ॲप फोनवर उतरूही शकत नाही. दुसऱ्या चोरीत आलेख जवळजवळ सपाट येतो, कारण खोट्या क्लिकचा आणि ॲप घेण्याचा काही संबंधच नसतो, आणि संबंध नसलेल्या दोन घटनांमधलं अंतर कितीही असू शकतं. २०१७ मध्ये गूगलने क्लिकची आणि ॲप उतरायला लागल्याची वेळ पडताळायची सोय दिली. ॲप उतरायला लागल्यानंतर आलेलं क्लिक त्यामुळे थेट बाद करता येऊ लागलं.

सहा बिटचा अहवाल

२६ एप्रिल २०२१ रोजी आयफोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १४.५ या आवृत्तीपासून ॲपलने नियम केला, की दुसऱ्या कंपन्यांच्या ॲप्समधून आणि साइटवरून माग काढायचा असेल तर आधी वापरणाऱ्याची परवानगी घ्यावी लागेल. नकार दिला तर जाहिरात-क्रमांकाच्या जागी नुसती शून्यं मिळतात. या बदलामुळे २०२२ मध्ये आपलं सुमारे १० अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडेल असा अंदाज फेसबुकची मालक कंपनी मेटाने त्या वर्षाच्या सुरुवातीला सांगितला होता. यावरून एका क्रमांकावर केवढा डोलारा उभा होता ते कळतं.

त्याऐवजी ॲपलने जो अहवाल देऊ केला त्याची रचना पाहण्यासारखी आहे. सुरुवातीच्या रूपात जाहिरातदाराला ग्राहकाच्या वागण्याबद्दल फक्त ६ बिट मिळत, म्हणजे ० ते ६३ यांतला एक आकडा. या ६४ घरांत काय भरायचं ते जाहिरातदाराने आधी ठरवायचं: पहिल्या दिवशी खरेदी केली का, किती रकमेची, वगैरे. शिवाय अहवाल लगेच येत नसे. एक ठरावीक मुदत आणि वर एक दिवसापर्यंतचा यादृच्छिक उशीर घालून तो येई, म्हणजे येण्याच्या वेळेवरूनही माणूस ओळखता येऊ नये. मोहीम चालली की नाही हे कळावं, पण कोणाचं काय चाललं आहे हे कळू नये, अशी ही मांडणी. मोठ्या कंपन्या आपल्या सोयीप्रमाणे नियम बदलतात हा आक्षेप रास्त आहे. तरीही मोजमापाची धार ठरवून बोथट करता येते आणि तरी धंदा चालतो, हे यातून दिसलं याला मी महत्त्व देतो.

लहान व्यवसायाकडे ना असे संशोधक असतात ना गणिती प्रारूपं. पण ईबेने केलं ते तत्त्वतः कोणालाही करता येतं. नोटिफिकेशन पाठवायच्या यादीतली काही माणसं चिठ्ठ्या टाकून बाजूला काढायची आणि त्यांना काहीच पाठवायचं नाही. मग दोन्ही गटांची एकूण खरेदी तपासायची, क्लिक नव्हे. अडचण येते ती संख्येची. समजा, दोन्ही गटांत ५०० जण आहेत. निरोप न मिळालेल्यांपैकी त्या आठवड्यात १० जणांनी खरेदी केली आणि मिळालेल्यांपैकी १७ जणांनी. सत्तर टक्क्यांची वाढ! पण इतक्या लहान आकड्यांत निव्वळ योगायोगानेही साधारण १० पर्यंतचा फरक पडू शकतो, त्यामुळे या ७ वरून काहीच सांगता येत नाही. गट १०,००० चे केले आणि २०० विरुद्ध २३० असा निकाल आला, तरी योगायोगाची मजल ४० च्या आसपास असते. असा फरक भरवशाने ओळखायचा तर प्रत्येक गटात पस्तीस-चाळीस हजार माणसं हवीत.

एवढे ग्राहक बहुतेकांकडे नसतात, म्हणून एकेका निरोपाचा निकाल लावण्याचा नाद त्यांनी सोडलेला बरा. त्याऐवजी तेच ५००-५०० चे गट सहा महिने तसेच ठेवावेत. तेवढ्या काळात एका गटातल्या १५० जणांनी खरेदी केली आणि दुसऱ्यातल्या १९० जणांनी, तर फरक ४० चा आणि योगायोगाची मजल सुमारे ३०. इथे काहीतरी ठामपणे म्हणता येतं. मधल्या काळात आकडे रोज पाहून, फरक हवा तसा दिसला त्या दिवशी प्रयोग थांबवायचा मोह टाळावा लागतो, कारण तसं केलं की योगायोगालाच निकाल समजण्याची शक्यता कितीतरी वाढते.

परवानगी मागण्याची वेळही जपून निवडावी. आयफोनवर नोटिफिकेशनची परवानगी मागणारी सिस्टिमची चौकट एकदाच दाखवता येते. एकदा ‘नाही’ म्हटलं की ग्राहकाने स्वतः सेटिंगमध्ये जाऊन बदल केल्याशिवाय मार्ग नसतो. अँड्रॉइडनेही २०२२ च्या १३ व्या आवृत्तीपासून परवानगी सक्तीची केली. ॲप पहिल्यांदा उघडल्याबरोबर, त्याचा उपयोग कळायच्या आत ही चौकट समोर टाकणारी ॲप्स आजही पुष्कळ आहेत. पहिली मागणी नोंदवून झाल्यावर ‘माल निघाला की कळवू का?’ असं विचारलं, तर ग्राहकाला त्यात स्वतःचा उपयोग दिसतो. आणि सहा महिन्यांच्या त्या तक्त्यात विक्रीच्या शेजारी आणखी दोन रकाने आखावेत: निरोप मिळणाऱ्या गटातल्या किती जणांनी नोटिफिकेशन बंद केली, आणि दोन्ही गटांतल्या किती जणांनी ॲपच काढून टाकलं. हे दोन्ही आकडे सिस्टिमकडून मिळवता येतात, फक्त ते मागावे लागतात.